हौमियाचे विखुरलेले कुटुंब

समजा, अंगणात दोन माठ फुटले, एक काळा आणि एक तांबडा. खापऱ्या एकमेकींत मिसळल्या. कोणती खापरी कोणत्या माठाची, हे तुम्ही रंगावरून सांगाल. नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोलांतून शास्त्रज्ञांनी अशाच खापऱ्या निवडल्या आहेत.

परभणी जिल्ह्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे. तेथून मे महिन्याच्या मध्यास रात्री अकराच्या सुमारास वर पाहा. स्वाती हा नारिंगी तारा जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्याच भूतप तारकासमूहात सध्या हौमिया हा बटुग्रह आहे. पृथ्वीच्या तुलनेत तो सूर्यापासून सुमारे ५० पट दूर असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

हौमियाचा शोध २००५ मध्ये जाहीर झाला. तो लांबट असून ३ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याला दोन चंद्र आहेत आणि २०१७ मध्ये त्याच्याभोवती कडेही आढळले.

२००७ मध्ये मायकेल ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कुटुंब ओळखले. त्यांनी दोन खुणा ताडून पाहिल्या. पहिली खूण कक्षेची : काही गोलांच्या कक्षा हौमियाच्या कक्षेशी मिळत्याजुळत्या होत्या. पण मिळती कक्षा योगायोगानेही असू शकते. म्हणून दुसरी खूण महत्त्वाची. या गोलांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या अवरक्त वर्णपटात पाण्याच्या बर्फाची ठळक छाप होती. हौमियाच्या वर्णपटातही तीच छाप आहे. आसपासच्या इतर गोलांवर ती इतकी ठळक नसते. यावरून निष्कर्ष निघाला, की फार पूर्वी एका मोठ्या टकरीत मूळ गोलाचे बर्फाचे कवच फुटले आणि हे त्याचे तुकडे आहेत.

मात्र एक कोडे उरते. हौमियाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यास सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेग लागतो. जोरदार टकरीतले तुकडे साधारण एवढ्या वेगाने पांगायला हवेत. प्रत्यक्षात कक्षांवरून हा वेग सेकंदाला सुमारे १५० मीटरच निघतो. काहींच्या मते टक्कर ओझरती झाली असावी. काहींच्या मते नंतर हौमियाची गिरकी वाढून बर्फ बाहेर फेकला गेला. नाते पटले, पण घर कसे मोडले ते अजून निश्चित ठरलेले नाही.

करून पाहा : सेकंदाला १५० मीटर म्हणजे ताशी किती किलोमीटर?