जुन्या जीपचे मोकळे हब आणि मागचा आंख

नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्ट दगडाची आहे. हाच दगड येथून पश्चिमेकडे पसरला असून त्याच्या झिजेतून काटोल, कळमेश्वर भागातील काळी जमीन बनलेली आहे. सीताबर्डीहून काटोलकडे निघालेली जीप सुमारे ६० किलोमीटर पक्क्या सडकेने धावते. चारही चाकांच्या ओढीची गरज पडते ती सडक सोडून संत्र्याच्या बागेकडे वळणाऱ्या पांदणीत. तीही आंबिया बहाराच्या तोडीवेळी, परतीच्या पावसाने माती चिकट झाली असता. एवढ्या चिखलासाठी साऱ्या वाटेवर पुढचा आंख का फिरवीत न्यावा, असा प्रश्न जुन्या जीपच्या मालकांना पडतो.

विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजनेचा आरंभ झाल्यानंतर ही गाडी खेडोपाडी ओळखीची झाली. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. तेव्हा येथील माहिती खासगी मालकीच्या जुन्या जीपांपुरती समजावी.

बैलगाडीचा आंख स्थिर असतो व चाकाचा तुंबा त्याभोवती फिरतो. जीपच्या पुढच्या चाकात तसे नाही. गिअरचा दांडा दोन चाकांवर ठेवला तरी सडकेवर फिरणारे चाक आतील शाफ्ट, डिफरन्शियल व पुढचा प्रोपेलर शाफ्ट यांना नाहक फिरवीत राहते. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ च्या सुमारास युद्धातून उरलेल्या जीपांसाठी जे हब बनविले, त्यांची कळ फिरविताच चाक शाफ्टपासून सुटते व बैलगाडीच्या चाकाप्रमाणे मोकळे फिरते. त्यामुळे सांध्यांची झीज कमी होते व सुकाणू थोडे हलके लागते. इंधनाच्या बचतीची मात्र फार आशा धरू नये.

या सोयीत एक धोका आहे. पांदणीत शिरताना चालक दांडा चार चाकांवर व लो गिअरवर टाकतो, पण खाली उतरून हब जोडण्याचे विसरतो. अशा वेळी ओढ दोनच चाकांना मिळते. लो गिअरमध्ये जुन्या नागरी जीपची पिळणारी शक्ती जवळजवळ अडीचपट होते. ती पुढेमागे वाटली जाण्याऐवजी सर्वच्या सर्व मागच्या आंखावर येते. तशात चाक चिखलात घट्ट रुतलेले असेल तर शाफ्ट तरी पिळतो किंवा हबची चावी तरी तुटते, आणि भरलेली गाडी बागेतच अडकून पडते. एकच हब जोडूनही काम भागत नाही, कारण डिफरन्शियल मोकळ्या बाजूचा शाफ्ट नुसता गरगर फिरवीत राहते. यास्तव दोन्ही हब डांबरी सडक सुटते तेथेच, कोरड्या जागी उभे राहून जोडावेत.

म्हणून पुढचे हब विकत घेण्याआधी मागचा आंख तपासणे शहाणपणाचे होय. अनेक जुन्या नागरी जीपांत मागील शाफ्टचे टोक निमुळते असून त्यावर हब चावीने बसविलेला असतो. गाडी सुरू होताना मागे 'टक्' असा आवाज येणे किंवा नटाभोवती तांबूस भुकटी दिसणे, ही तेथील ढिलाईची लक्षणे आहेत. नट पूर्ण जोराने आवळावा. पिनेचे छिद्र जुळत नसेल तर नट आणखी आवळावा. मागे कधीही सोडू नये.

सुधारित आंखांत दोन प्रकार आढळतात. पहिल्यात शाफ्ट व चाकाची चकती एकसंध असते. चावीचा दुबळेपणा जातो, परंतु गाडीचे वजन शाफ्टवरच राहते. दुसऱ्यात बैलगाडीप्रमाणे वजन बाहेरच्या स्थिर नळीवर पडते आणि शाफ्ट केवळ चाक फिरवितो; तो तुटला तरी चाक निखळत नाही. फळांनी भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या जीपला दुसरा प्रकार अधिक सुरक्षित. एरवी पहिलाही पुरतो.

भंगार बाजारातून आंख घेताना दातांचे प्रमाण अवश्य मोजावे. महायुद्धकालीन लष्करी विलीज जीपचे प्रमाण ४.८८, तर नंतरच्या सीजे-३बी या नागरी जीपचे ५.३८ असे आहे. एक पुढे व दुसरा मागे बसविल्यास चार चाकांवर चालताना दोन आंख एकमेकांशी झगडून गिअर तोडतात. एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे, उचललेले चाक बरोबर दोन वेळा फिरवावे व त्या आंखाच्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. फेरे पाचाला किंचित कमी भरले तर आंख लष्करी, पाच व तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरले तर नागरी.

हब बसविणे त्या मानाने सोपे आहे. मूळ चकतीचे बोल्ट काढून तिच्या जागी नवा हब बसतो; शाफ्टच्या दातांची संख्या तेवढी जुळली पाहिजे. महिन्यातून एकदा हब जोडून गाडी काही किलोमीटर चालवावी, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचे वंगण वरच्या भागांपर्यंत पोचते; त्या वेळीही डांबरी सडकेवर दांडा दोन चाकांवरच असावा. आंख बदलण्यापूर्वी मात्र परिवहन कार्यालयात विचारणा करावी, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या वाहनाच्या तपशिलात मालकास आपल्या मर्जीने फेरफार करता येत नाही.