नकाशा वाचू या

नकाशा म्हणजे जमिनीचे वरून पाहिलेले चित्र. त्यात बहुधा वर उत्तर, खाली दक्षिण असते. बार्शी आपल्या भूमच्या दक्षिणेला. म्हणून नकाशात ती खाली दिसते.

एवढी जमीन कागदावर कशी मावते? प्रमाण धरून. एक सेंटिमीटरला ५० मीटर धरले, तर २०० मीटरचा बांध ४ सेंटिमीटरची रेघ होतो.

पूर्वी ३३ फुटांच्या साखळीने शेत मोजत. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, तो एक गुंठा. आता उपग्रहाच्या मदतीने यंत्रावर मोजतात.

गावच्या नकाशात शेताचा गट नंबर असतो. कोणी बांध कोरला, तर आपण डोकी फोडून घेऊ नयेत. गट नंबर पाहावा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. बांध कोरता येतो, नकाशातली रेघ कोरता येत नाही.