वणव्याच्या मोसमात घर आणि गोठा हलविण्याची पूर्वतयारी

महाराष्ट्रात वणव्याचा मोसम साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत कापून वा मुद्दाम जाळून मोकळे केलेले पट्टे, त्याआधीच काढून घेण्याची वन विभागाची रीत आहे. सह्याद्रीच्या उतारावरील गवत पावसाळ्यानंतर उभ्याउभीच वाळते, विदर्भातील सागाच्या रानात पानगळीचा थर साचतो, आणि राब भाजताना, मोहफुलांसाठी झाडाखालची जमीन साफ करताना किंवा बांध पेटवताना निसटलेली ठिणगी या कोरड्या पाचोळ्यात पडली की आग रानालगतच्या वाड्या-पाड्यांपर्यंत येऊन पोहोचते. आंबा-काजूच्या बागा वाचविण्यासाठी भोवतालचे गवत काढण्याची काळजी बागायतदार घेतात. दाव्याला बांधलेली जनावरे वेळेत कशी बाहेर काढायची, याचा विचार मात्र बहुधा आग दिसल्यावरच सुरू होतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

हा उशीर का होतो, हे समजण्यासाठी उतारावरील आगीची चाल लक्षात घ्यावी लागते. चढावर ज्वाला वरच्या गवताकडे झुकतात, ते पेटण्याआधीच तापवून सुकवितात, आणि त्यामुळे उतार सुमारे १० अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा वनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. दिवसा वाराही दरीतून वर चढतो. कोकणात दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे त्याला जोर देतात. म्हणून डोंगराच्या सोंडेवर किंवा उताराच्या माथ्यावर असलेल्या घराला पायथ्याच्या घरापेक्षा बराच कमी वेळ मिळतो, आणि खालच्या अंगाला धूर दिसताच तेथील जनावरे हलविणे हाच सुरक्षित नियम ठरतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या सूचना मोबाईलवर पाठविते आणि त्यासाठी नोंदणी करता येते. परंतु उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जात असल्याने या सूचनेची वाट पाहत थांबणे योग्य नाही. धूर दिसल्यास वन विभागाच्या १९२६ किंवा आपत्कालीन ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि कळविल्यानंतर मदत येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये.

तयारीचा खरा गाभा गोठ्यात आहे. नायलॉनचे दावे, म्होरकी आणि वेसण उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात, तर लोखंडी साखळी तापून हात लावण्याजोगी राहत नाही. म्हणून मोसमापुरते तरी सुताचे किंवा घायपाताचे दोर वापरावेत, गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारावी, आणि गोठ्याच्या दारापाशी, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, एक धारदार कोयता कायम ठेवावा. पेंढ्याची उडवी गोठ्याला टेकून रचण्याची पद्धत सोयीची असली तरी घातक आहे, कारण उडत आलेली एक ठिणगी उडवीत पडली की गोठा वाचत नाही; वैरण शक्य तितकी दूर आणि वाऱ्याच्या बाजूस नसेल अशी रचावी, आणि घर-गोठ्याभोवतीचा किमान आठ-दहा मीटरचा भाग, उताराच्या खालच्या अंगाला त्याहून अधिक, पाचोळा व गवत काढून मोकळा ठेवावा.

जनावरांना कोठे न्यायचे, हे आधी ठरलेले असावे आणि जनावरांनाही ती जागा माहीत असावी. नांगरलेले शेत, गावठाणातील मोकळे मैदान, नदीचे वाळूचे पात्र किंवा कोकणातील सड्याचा उघडा कातळ या जागा उपयोगी आहेत. मात्र वाळलेल्या गवताने झाकलेला सडा हा सुरक्षित नसून धोक्याचा आहे, हा भेद ध्यानात ठेवावा. ठरलेल्या जागी जनावरांना मधूनमधून आंबोण किंवा हिरवा चारा दिल्यास ती तेथे जाण्यास सरावतात, आणि घबराटीतही सवयीच्या वाटेला लागण्याची शक्यता वाढते. दिवसा एकदा आणि अंधारात एकदा गोठा रिकामा करून पाहावा आणि लागलेला वेळ लक्षात ठेवावा. घर सोडण्याचा निर्णय किती आधी घ्यायचा हे त्यावरून ठरते. बाहेर काढताना वासरू पुढे न्यावे, म्हणजे गाय मागे येते; वासरू मागे राहिले तर गाय आगीकडे परतण्याचा धोका असतो. शेळ्यांच्या कळपात पुढे चालणारी शेळी आधी सोडावी, कोंबड्यांसाठी डालगी खुराड्याजवळच ठेवावीत. गोठा रिकामा होताच त्याचे दार बंद करावे, कारण भेदरलेली जनावरे ओळखीच्या आसऱ्याकडे, तो पेटलेला असला तरी, परत धावतात. आग इतकी जवळ आली असेल की हाकून नेणे शक्य नाही, तर दावी कापून, मोकळ्या जागेकडचे कुंपण उघडून जनावरांना जाऊ द्यावे. बांधून ठेवणे हा पर्याय कोणत्याही परिस्थितीत नाही.

घरातील माणसांत वृद्ध, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना जनावरांची वाट न पाहता आधी पाठवावे. सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक, विम्याची कागदपत्रे, रोजची औषधे आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे १२ अंकी क्रमांक एका पिशवीत तयार असावेत. प्रत्येक जनावराचे छायाचित्र जोडलेले असल्यास पुढे ओळख पटविणे सोपे जाते. निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचे मुख्य बटण बंद करावे, खिडक्या-दारे लावून घ्यावीत, आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे न घालता अंगभर सुती कपडे व पायात चामड्याची पादत्राणे घालावीत. वाट अडल्यास उतारावर वर पळू नये. आधीच जळून विझलेली किंवा नांगरलेली जमीन गाठावी.

आग विझल्यावरचे दिवसही सावधगिरीचे असतात. जळलेल्या रानात राखेखाली खोडे आणि मुळे धुमसत राहतात, त्यामुळे तेथे लगेच चरायला सोडू नये, आणि राख पडलेले पाणी पाजू नये. धूर फुप्फुसात गेलेल्या जनावराला पहिल्या दिवशी काही लक्षण नसले तरी पुढे खोकला, तोंडाने श्वास किंवा फेस दिसू शकतो. म्हणून बैलांना काही आठवडे औताला जुंपू नये. भाजलेल्या भागावर बर्फ, तूप किंवा हळद न लावता साधे थंड पाणी ओतावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. त्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आचळे भाजलेली गाय वासराला पाजू देत नाही, त्यामुळे वासराच्या दुधाची वेगळी सोय करावी लागते. खुराच्या वरच्या कडेची इजा कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी खूर सैल होऊ लागल्यावरच ध्यानात येते, म्हणून चालताना अडखळणाऱ्या जनावराची तपासणी पुन्हा करून घ्यावी. जनावर दगावले असल्यास तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकाचे शवविच्छेदन होईपर्यंत ते पुरू नये, आणि कानातील बिल्ला काढून टाकू नये.