वाळवंटातील विमान

‘सहारा’ हे नाव तुम्हांला परके वाटणार नाही. उर्दूत आपण वाळवंटाला ‘सहरा’ म्हणतो. तोच हा मूळ अरबी शब्द. म्हणजे ‘सहारा वाळवंट’ असे म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो! उत्तर आफ्रिकेतील हे वाळवंट सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. आपल्या देशाच्या अडीचपटीहून ते मोठे आहे.

या वाळवंटात कोसळलेल्या एका विमानाची गोष्ट मी लहानपणी पाहिली होती. मामूंनी भाड्याने आणलेली ती व्हिडिओ कॅसेट होती. चित्रपट इंग्रजी होता. संवाद आम्हां भावंडांना समजत नव्हते, तरी कोणी जागचे हलले नाही. मोडक्या विमानाच्या तुकड्यांतून काही माणसे दुसरे विमान बनवीत आहेत, हे दृश्य मनात पक्के बसले. चित्रपटाचे नाव मात्र ठाऊक नव्हते. अनेक वर्षांनी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांपाशी ही गोष्ट निघाली. त्यांनी लगेच नाव सांगितले: ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’. फिनिक्स हा स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्म घेणारा कल्पित पक्षी. उर्दूत त्याला ‘कुकनुस’ म्हणतात. मग तो चित्रपट मिळवून मी पुन्हा पाहिला.

तो १९६५ साली निघाला. एलेस्टन ट्रेव्हर यांच्या कादंबरीवरून रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी तो दिग्दर्शित केला. कथा लिबिया देशात घडते. तेलाच्या खाणीवरील माणसांना घेऊन एक मालवाहू विमान बेनगाझी शहराकडे निघते. वाटेत वाळूचे वादळ उठते. दोन्ही इंजिने बंद पडतात. वैमानिक टाउन्स विमान कसेबसे वाळूवर उतरवतो. काही जण दगावतात, बाकीचे वाचतात. रेडिओ बंद असतो. वादळामुळे विमान नेहमीच्या मार्गापासून दूर गेलेले असते, त्यामुळे शोध घेणाऱ्यांना ते सापडणे कठीण. खायला भरपूर खजूर आहेत. पाणी मात्र फार तर दहा-पंधरा दिवस पुरेल.

अशा वेळी चालत निघावे की तिथेच थांबावे? चित्रपटात काही जण चालत निघतात आणि त्यांची वाताहत होते. खऱ्या आयुष्यातही असे घडले आहे. एप्रिल १९४३ मध्ये ‘लेडी बी गुड’ नावाचे अमेरिकेचे बॉम्बफेकी विमान याच लिबियात वाट चुकले. त्यातील नऊ जणांनी हवाई छत्रीने उड्या घेतल्या. एकाची छत्री नीट उघडली नाही. बाकीचे आठ जण समुद्र जवळ असेल असे समजून उत्तरेकडे चालत राहिले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता. त्यांच्यापैकी एकही वाचला नाही. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते विमान दिसले. त्यात पिण्याचे पाणी तसेच होते.

चित्रपटातील माणसांना वेगळा मार्ग सुचवतो तो डॉर्फमान नावाचा जर्मन प्रवासी. मोडलेल्या विमानाचा एक चांगला भाग, एक इंजिन आणि पंख जोडून लहान विमान करता येईल, असा त्याचा हिशेब आहे. टाउन्सला हा माणूस मुळीच आवडत नाही. आयुष्यभर विमान चालवलेल्या माणसाला एका तरुणाने शिकवावे, हे त्याला कसे रुचणार? दोघांच्या मध्ये टाउन्सचा सहकारी मोरान उभा राहतो. कधी याची समजूत घाल, कधी त्याची. ही भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनी केली आहे. १९८२ चा ‘गांधी’ हा चित्रपट दिग्दर्शित करणारे हेच ते ॲटनबरो. मुन्शी प्रेमचंदांच्या कथेवरील ‘शतरंज के खिलाडी’ या सत्यजित राय यांच्या चित्रपटातही ते होते. मला विचाराल तर विमान वाचवले ते मोराननेच, जरी त्याने ते ना आखले, ना चालवले.

दिवसा ऊन असह्य, म्हणून काम मुख्यतः रात्री चालते. भर उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, हे लक्षात घ्या. इथे प्रत्येकाला पाणी मोजून मिळते आणि एक दिवस कळते, की कोणीतरी चोरून जास्त पाणी पीत आहे. तो चोर डॉर्फमानच निघतो. तो नाकारत नाही. मी सर्वांपेक्षा जास्त काम करतो, म्हणून मला जास्त पाणी लागते, असे तो शांतपणे सांगतो. आता काय करावे? त्याला शिक्षा केली तर विमान कोण बनवील? वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांत दोन तट पडले. एका मुलीने विचारले, “मॅडम, त्याने आधी सर्वांसमोर पाणी मागितले का नाही?” चित्रपटात याचे उत्तर नाही.

पुढे आणखी एक धक्का बसतो. विमान बरेचसे तयार झाल्यावर समजते, की डॉर्फमान खरी विमाने आखतच नाही; तो विमानांच्या लहान प्रतिकृती आखतो! टाउन्स आणि मोरान अवाक होतात. डॉर्फमानला मात्र त्यात काही वावगे वाटत नाही. प्रतिकृतीत वैमानिक नसतो, म्हणून ती स्वतःच तोल सांभाळील अशी आखावी लागते; हवेचे नियम दोन्हींना सारखेच, असे तो म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरे आहे.

इंजिन सुरू करण्यासाठी काडतुसे लागतात. ती फक्त सात आहेत. चार वाया जातात. पाचवे टाउन्स मुद्दाम इंजिनातील घाण बाहेर फेकण्यासाठी उडवतो. डॉर्फमान ओरडत राहतो. सहाव्याला इंजिन धडधडू लागते. इथे अनुभवी वैमानिकाचे ऐकावे लागले. माणसे पंखांवर आडवी पडून घट्ट धरून बसतात आणि विमान उडते.

एक गोष्ट मला या वेळी खटकली. चित्रपटात भेटणारे अरब फक्त लुटारू आहेत. मदत मागायला गेलेल्या दोघांना ते ठार करतात. ३० डिसेंबर १९३५ रोजी फ्रेंच लेखक व वैमानिक सेंत एग्झुपेरी आणि त्यांचा यंत्रज्ञ याच भागातील वाळवंटात कोसळले. काही दिवस ते तहानेने तडफडत भटकले. अखेर त्यांना पाणी पाजून वाचवले ते एका बदाऊनी, म्हणजे वाळवंटातच राहणाऱ्या अरबाने. सेंत एग्झुपेरींनी त्याच्याविषयी फार आदराने लिहिले आहे. चित्रपटात अशा एका माणसाला जागा मिळायला हवी होती.

चित्रीकरण सहाऱ्यात झाले नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या सीमेवरील वाळूच्या टेकड्यांत ते झाले. त्यासाठी उडू शकणारे एक विमान खरोखर बनवले होते. ८ जुलै १९६५ रोजी नामवंत वैमानिक पॉल मँट्झ ते चालवीत होते. जमिनीलगत उडताना विमान वाळूच्या उंचवट्याला धडकले आणि दुभंगले. मँट्झ जागीच गेले. राहिलेली दृश्ये दुसऱ्या एका जुन्या विमानावर घेतली गेली. चित्रपट मँट्झ यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.