शब्दविचार : नशीब



लॉटरी लागली की नशीब, विहीर आटली तरी नशीब. दिवसातून कितीदा आपण हा शब्द बोलतो! मूळ शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ आहे 'वाटा'. 'सुदैव' या शब्दात 'देव' आहे. 'योगायोग' मात्र गाठ पडली एवढेच सांगतो, ती कोणी घातली ते सांगत नाही. जुनी माणसे 'कर्मधर्मसंयोगाने' म्हणत, सगळ्यांनाच श्रेय!

पवित्र शास्त्रात अशी सुखाची गाठ रूथच्या पुस्तकात (२:३) पडते. मवाबातून आलेली ही तरुण विधवा स्वतःचे व सासूचे पोट भरण्यासाठी सरवा वेचायला निघते. सरवा म्हणजे काय, हे भातकापणी करणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको. शेत कोणाचे, तिला ठाऊक नाही. आणि ती पोचते नेमकी बवाजाच्या, म्हणजे सासऱ्याच्या नातलगाच्या शेतात. मूळ हिब्रूत येथे एकाच धातूचे दोन शब्द लागोपाठ येतात, 'घडायचे ते घडले' असे काहीसे. लेखक या वचनात देवाचे नाव घेत नाही. सासू नामी मात्र संध्याकाळी धान्य पाहून लगेच परमेश्वराचे नाव घेते (२:२०).

बवाजाचे शेत मिळणे हा योगायोग म्हणू. सरवा मिळणे हा योगायोग नव्हता. शेताचे कोपरे कापू नका, पडलेले वेचू नका, ते गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडा, असा नियमच होता (लेवीय १९:९-१०). रूथचा वाटा आधीच ठरलेला होता. बवाजाने तो पाळला, शिवाय तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकायला गड्यांना सांगितले.

आता आपल्याकडे पाहू. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. तानशाचे पाणी मुंबईला जाते, भातसाचेही जाते. आणि याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहतात. 'पाणी आमच्या नशिबात नाही,' असे हंडा घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, तर तिला शब्दार्थ शिकवायला जाऊ नये. पण घरी नळ किंवा बोअर असलेले आपण हेच वाक्य तिच्याविषयी बोलतो, तेव्हा मूळ अर्थ आठवावा. तिचा वाटा कोणी ठरवला, हे ग्रामसभेत विचारता येते.

या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत रूथचा दुसरा अध्याय वाचावा. तेवीसच वचने आहेत.