गुरुवारचा पाठ : ताई सत्संगाला का येत नाहीत?

मानपुरच्या आपल्या एका ताईंचा 9 वर्षांचा मुलगा चिडला की मारतो, वस्तू फेकतो. आपण म्हणालो, "लाड फार झालेत." ताईंनी येणंच सोडलं. नाथांची शांती आपण कथेत ऐकतो; दाखवायची वेळ आली तेव्हा कमी पडलो (मीसुद्धा).

त्यांच्या घरी जा. सल्ला नको. तासभर धाकटीला सांभाळा, ताईंना झोपू द्या. मुलगा तापलेला असताना समजावू नका, आधी शांत होऊ द्या. सरकारी टेली-मानसचा 14416 नंबर चोवीस तास मोफत आहे. ताई तयार असतील तर शेजारी बसून लावून द्या. डॉक्टरांकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

शनिवारी चारला मी डबा घेऊन जातेय. सोबत कोण येतंय? एकच जण पुरे.