मैलापाण्याचा गाळ : पैसे गाळाचे की पाण्याचे?

मैलापाणी शुद्ध होऊन नदीत सोडले की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाचे करायचे काय, येथून मोठा खर्च सुरू होतो. या कामात वाहतूकदार, यंत्रवाले, खतवाले असे अनेक धंदे गुंतलेले असल्यामुळे आज हा हिशेब आपण समजावून घेऊ.

गाळ म्हणजे बहुतांशी पाणीच. पातळ गाळात घन भाग साधारण 3 टक्के धरला, तर 1 टन कोरड्या मालासाठी 33 टन ओझे वाहावे लागते. तोच गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये पिळून घन भाग 25 टक्क्यांवर आणला की ओझे 4 टनांवर येते. जेथे 10 टनी ट्रकच्या चार खेपा लागत, तेथे अर्धा ट्रकही भरत नाही. अर्थात पिळणे फुकट होत नाही. वीज लागते, गाळाच्या गुठळ्या बांधणारे पॉलिमर लागते आणि निघालेले घाण पाणी पुन्हा केंद्रातच शुद्ध करावे लागते. अंदाजपत्रकात हा शेवटचा खर्च जरूर पाहावा.

न्यूयॉर्क शहर अनेक दशके आपला गाळ बोटींनी समुद्रात टाकत असे. समुद्र पाण्याचे भाडे मागत नव्हता! 1988 च्या कायद्याने हे 1992 मध्ये बंद झाले. मग शहराला गाळ पिळण्याची केंद्रे उभारावी लागली, कारण माल आता आगगाडीने थेट टेक्सासला जाऊ लागला होता.

आपल्याकडे उन्हात वाळवण्याचे वाफे स्वस्त पडतात. मात्र जागा फार अडते आणि कोकणात पावसाळ्यात ते निरुपयोगी. भट्टीत वाळवायचे तर 1 किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून आधी पिळावे, मगच तापवावे. अमेरिकेतील मिलवॉकी शहर असा वाळवलेला गाळ 1926 पासून खत म्हणून विकत आले आहे. पण त्याच देशातील मेन राज्याने घातक रसायनांमुळे 2022 मध्ये शेतात गाळ टाकण्यास बंदी घातली. खताच्या उत्पन्नावर सगळा हिशेब बांधणे आम्हाला धोक्याचे वाटते.

कंत्राटात दर ओल्या टनावर असेल, तर 25 ऐवजी 20 टक्क्यांचा गाळ आला की 4 च्या जागी 5 टनांचे पैसे जातात. कोरडा माल तेवढाच. म्हणून दर कोरड्या टनावर ठरवावा आणि प्रत्येक खेपेचा नमुना वजनकाट्यावरच घ्यावा. तो 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला की पाणी किती होते ते कळते.